ब्लँकमधला क्लोरोफॉर्म

जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) मी लावलेल्या पहिल्याच बॅचमध्ये क्लोरोफॉर्म सापडला. सापडला तो ब्लँकमध्ये, म्हणजे ज्यात काहीही नसायला हवं अशा, मुद्दाम शुद्ध करून घेतलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्याचे नमुने अजून ट्रेमध्ये रांगेत उभे होते आणि पडद्यावर एक सुबक, निमुळतं पीक वर चढून खाली उतरलंही होतं. (पीक म्हणजे आलेखातलं शिखर. प्रयोगशाळेत दुसरा शब्द कुणी वापरत नाही आणि ‘यंदा पीकपाणी कसं आहे’ ही कोटी प्रत्येक नवा माणूस एकदा करतोच. मीही केली होती.)

आमची प्रयोगशाळा जलशुद्धीकरण केंद्राला जोडलेली. तोवर आमचं काम ठरलेलं होतं : गढूळपणा, पीएच, उरलेला क्लोरीन, जिवाणूंच्या चाचण्या. ट्रायहॅलोमिथेन बाहेरून तपासून घ्यायचो. ते आता आपल्याकडेच मोजायचं असं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात आलं. यंत्र आहे, छापील पद्धत आहे, महिन्याभरात बसेल, असं मला वाटलं होतं. सर तेव्हा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

आधी हा पदार्थ येतो कुठून ते सांगते. क्लोरीन घालायचा तो जंतू मारायला. पण नदी-तलावाच्या पाण्यात कुजलेल्या पानांतून आणि मातीतून उतरलेली ह्यूमिक, फुल्विक आम्लं विरघळलेली असतात. पाण्याला जी फिकट पिवळसर झाक येते ती त्यांचीच. क्लोरीनला जंतू आणि ही आम्लं यांत फरक कळत नाही, तो दोघांवरही तुटून पडतो. त्या झटापटीत जे तुकडे उरतात त्यांत चार ठळक असतात : क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणि ब्रोमोफॉर्म. या चौकडीचं नाव ट्रायहॅलोमिथेन. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की हे पदार्थ नदीतून येत नाहीत, क्लोरीन दिल्यावर तयार होतात. त्याच वर्षी अमेरिकेतही बेलार, लिक्टेनबर्ग आणि क्रोनर यांना हेच आढळलं. म्हणजे त्याआधी काही दशकं सगळं जग क्लोरीनचं पाणी पीत होतं आणि हे त्यात होतंच. फक्त मोजता येत नव्हतं.

मोजायचं तरी किती? अमेरिकेची मर्यादा चौघांच्या बेरजेला लिटरमागे ८० मायक्रोग्रॅम, युरोपीय संघाची १००. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येकाला वेगळा आकडा दिला आहे : क्लोरोफॉर्मला ३००, ब्रोमोडायक्लोरोमिथेनला ६०, उरलेल्या दोघांना १००. शिवाय प्रत्येकाचं त्याच्या आकड्याशी असलेलं गुणोत्तर काढून चारही गुणोत्तरांची बेरीज एकाच्या वर जाऊ द्यायची नाही. मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे अब्जात एक भाग. इतकं थोडं शोधायचं असेल तर ते पाण्याखेरीज आणखी कुठे कुठे आहे याची आधी खात्री करावी लागते. हे मी आज शहाणपणानं लिहिते आहे, तेव्हा माहीत नव्हतं.

पद्धत अशी. ५० मिलिलिटर नमुना घ्यायचा, त्यात दहा ग्रॅम मीठ आणि तीन मिलिलिटर एमटीबीई नावाचा द्रावक घालून जोरजोरात हलवायचं. मिठामुळे ट्रायहॅलोमिथेनला पाण्यात राहणं नकोसं होतं, ते द्रावकात जातात. वर तरंगणारा थर लहान कुपीत घ्यायचा आणि त्यातला एक थेंबही नाही इतका भाग जीसीत सोडायचा. लांबलचक, केसासारख्या नळीतून चौघे आपापल्या चालीनं चालतात. क्लोरोफॉर्म पुढे, ब्रोमोफॉर्म सगळ्यांत मागे. नळीच्या टोकाला डिटेक्टर. त्यात निकेल-६३ या किरणोत्सारी धातूचा पातळ लेप असतो, तो सतत इलेक्ट्रॉन पुरवतो आणि एक बारीक प्रवाह अखंड वाहत राहतो. क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन गिळतो. प्रवाहात ही जी तूट येते, तीच आपल्याला पीक म्हणून दिसते. हा डिटेक्टर हॅलोजनच्या बाबतीत विलक्षण हावरा. शेजारच्या खोलीत कुणी क्लोरोफॉर्मची बाटली उघडली तरी त्याला कळतं, असं सर म्हणायचे. मला ती अतिशयोक्ती वाटायची.

तर ब्लँक. लिटरमागे सहा मायक्रोग्रॅम क्लोरोफॉर्म.

“मीठ भाजलंस का?” सरांनी विचारलं.

भाजलं होतं. मीठ भट्टीत ४०० अंशांवर तापवून घेतात, म्हणजे त्याला चिकटलेलं सगळं उडून जातं. तरी नवं भाजलं. पीक तिथेच. एमटीबीई नुसताच जीसीत सोडून पाहिला, तो स्वच्छ निघाला. सिरिंज बदलली. आधीच्या नमुन्याचा अंश सुईत राहतो म्हणून मध्ये तीन वेळा नुसता द्रावक सोडला. सगळी काच पुन्हा धुतली, भट्टीत ठेवली. एका दिवशी आकडा दोनवर आला, मी पेढे वाटायच्या बेतात होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा.

तीन आठवडे मी फक्त ब्लँक लावले. बाकी कुणी हे काम मानलं नाही. “अगं, नमुने कधी लावणार?” हा प्रश्न रोज यायचा. मी वहीत तारीख, वार, वेळ आणि आकडा लिहीत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मग एकदा पानं उलटताना दिसलं की सहाचे सगळे आकडे मंगळवारचे आणि शुक्रवारचे आहेत. रसायनाला वार कळत नाही, पण माणसांना कळतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारच्या खोलीत डिटर्जंटची चाचणी असायची. मिथिलिन ब्ल्यू घालून तयार झालेला निळा रंग क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेतात आणि मोजतात. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट) होता, पण वेगळं करायचं नरसाळं हलवायचं काम बाहेर टेबलावर चालायचं आणि दोन्ही खोल्यांची हवा एकाच वाहिनीतून फिरायची. माझ्या उघड्या कुप्यांमधलं पाणी ती हवा पीत होतं. सरांचं वाक्य अतिशयोक्ती नव्हतं.

दिवस बदलून घेतले, नरसाळं हूडमध्ये गेलं. सहाचे आकडे बंद झाले. दोनचे मात्र राहिले, आणि तेच मला जास्त खुपत होते, कारण आता शेजाऱ्यांकडे बोट दाखवता येत नव्हतं.

याचं उत्तर माझ्या समोरच्या नळात होतं. ब्लँकसाठी आम्ही आयन काढलेलं पाणी वापरायचो. त्या यंत्रावरचा मीटर दाखवायचा की पाणी अतिशुद्ध आहे. पण तो मीटर फक्त विद्युतभार असलेले कण मोजतो आणि यंत्रातली राळही तेवढेच काढते. क्लोरोफॉर्मवर भार नसतो, तो राळेतून सरळ निघून जातो. आणि त्या यंत्रात पाणी कुठून यायचं? आमच्याच केंद्राचं, क्लोरीन दिलेलं. मी नळाच्या पाण्याची तुलना नळाच्याच पाण्याशी करत होते. ऊर्ध्वपातन करून पाहावं असं एकानं सुचवलं. पण क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळतो, तो वाफेबरोबर आधी पुढे जाऊन बसतो. शेवटी पाणी १५ मिनिटं उकळलं, मग ९० अंशांवर ठेवून तासभर त्यातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडले आणि गरम असतानाच गच्च बंद केलं. दुसऱ्या दिवशी क्लोरोफॉर्मच्या जागी सपाट रेघ. त्या रेघेची मी छापील प्रत काढून ठेवली आहे. दुसऱ्या कुणाला दाखवली तर त्यात बघण्यासारखं काहीच नाही.

नमुने आणायचं काम मामांकडे. मामा तीस वर्षं पाण्याच्या बाटल्या भरत आलेले, त्यांना भरायला शिकवायचं म्हणजे अवघडच. पण हा नमुना उलट्या रीतीचा आहे. एरवी बाटली भरताना वर थोडी जागा सोडतात, इथे एक बुडबुडाही चालत नाही, कारण ट्रायहॅलोमिथेन उडून त्या बुडबुड्यात जातात. नळाच्या तोंडाची जाळी काढायची, नाहीतर तीच हवा मिसळून पदार्थ उडवून लावते. आधी पाणी वाहू द्यायचं, मग धार बारीक करून कुपीच्या कडेनं भरायचं, वर पाण्याचा फुगवटा दिसेपर्यंत. टेफ्लॉनची बाजू पाण्याकडे येईल असं झाकण लावायचं, कुपी उलटी करून टिचकी मारायची आणि बघायचं. “बुडबुडा आला तर पुन्हा भरायची,” मी म्हटलं. मामा म्हणाले, “मॅडम, बाळाला दूध पाजायची बाटली आहे का ही?” पण त्यांच्या कुप्यांमध्ये पुढे कधी बुडबुडा दिसला नाही. माझ्या दोनदा दिसला.

चूक झाली ती दुसरीकडेच, आणि ती माझी होती. एका ठिकाणचे दोन जुळे नमुने होते. एक त्याच दिवशी लावला : ४१. दुसरा यंत्र बंद पडल्यामुळे टेबलावर राहिला आणि पाच दिवसांनी लावला : ५८. माझा पहिला विचार अर्थातच यंत्रावर गेला. पण स्टँडर्ड, म्हणजे माहीत प्रमाणाची द्रावणं, बरोबर येत होते, ब्लँक सपाट होता. ५८ हा आकडाही खराच होता, फक्त तो त्या नळाचा नव्हता. कुपीत क्लोरीन शिल्लक होता, आम्लं शिल्लक होती, झाकण घट्ट होतं. प्रक्रिया कुणी थांबवलीच नव्हती. पाच दिवस माझ्या टेबलावर छोटी छोटी जलशुद्धीकरण केंद्रं चालू होती. क्लोरीन मारणारं रसायन आधीच कुपीत टाकून ठेवायचं असतं, ते पद्धतीत ठळक लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं आणि ‘लगेच लावणार आहोत ना’ म्हणून सोडून दिलं होतं. त्यानंतर प्रत्येक कुपीत सोडियम सल्फाइटची चिमूट आणि प्रत्येक पेटी बर्फात. मामांना सांगावं लागलं की आता कुपी ओसंडू द्यायची नाही, नाहीतर पावडर वाहून जाते. “म्हणजे काठोकाठ, पण सांडायचं नाही,” ते म्हणाले. हो, अगदी तसंच.

हॅलोॲसेटिक आम्लांबद्दल थोडक्यात. तीही क्लोरीनचीच लेकरं, अमेरिकेत त्यातल्या पाचांच्या बेरजेला ६० ची मर्यादा आहे. पण ही सरळ जीसीतून जात नाहीत. पाणी सल्फ्युरिक आम्लानं कडक आंबट करायचं, द्रावकात ओढायचं, मग आम्ल मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये ५० अंशांवर दोन तास ठेवून त्यांचे एस्टर, म्हणजे जीसीतून जाऊ शकणारी रूपं, करायचे. शेवटी बायकार्बोनेट घालून आम्ल मारायचं. तिथे मी एकदम घातलं. कुपीनं सोड्याच्या बाटलीसारखं झाकण उडवलं आणि नमुना माझ्या ॲप्रनवर आला. थोडं थोडं घालायचं आणि मधे वायू सोडत राहायचं. या चाचणीत मी दोन महिने घालवले आणि त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच.

मग खरे नमुने सुरू झाले. केंद्राच्या तोंडाशी एक, वाटेत एक, वाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाला एक. ट्रायहॅलोमिथेन अपेक्षेप्रमाणे वाढत गेले. पाणी जितकं जुनं, तितका क्लोरीनला वेळ जास्त. पण हॅलोॲसेटिक आम्लं पहिल्यापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत वाढली आणि शेवटच्या टोकाला घसरली. जवळजवळ निम्मी. इतके दिवस स्वतःच्याच चुका पकडत आल्यामुळे मी लगेच मान खाली घातली : आपलंच काहीतरी चुकलं. पुन्हा नमुने मागवले. पुन्हा घसरण. त्याच पाण्यात माहीत असलेल्या प्रमाणात आम्ल मिसळून पाहिलं, मिसळलेलं जवळजवळ पूर्ण परत मिळालं. म्हणजे चाचणी ठीक होती.

सरांनी आकडे बघितले आणि विचारलं, “तिथे क्लोरीन किती उरलाय?”

नव्हताच. जवळपास शून्य.

“मग खाल्लं त्यांनी.”

‘त्यांनी’ म्हणजे वाहिनीच्या आतल्या भिंतीवर थर करून राहणाऱ्या जिवाणूंनी. क्लोरीन संपतो तिथे ते वाढतात आणि हॅलोॲसेटिक आम्लं त्यांना खाद्य म्हणून चालतात. ट्रायहॅलोमिथेन चालत नाहीत. म्हणजे आम्लांचा तो कमी आकडा ही चांगली बातमी नव्हती. निर्जंतुकीकरणाची उपउत्पादनं शोधता शोधता मला निर्जंतुकीकरण कुठे संपतं ती जागा सापडली होती. त्या दिवशी अहवालात मी आम्लांच्या आकड्याच्या आधी क्लोरीनचा आकडा लिहिला. ती रीत पुढे तशीच ठेवली.

आणखी एक फसगत. उन्हाळ्यात कच्च्या पाण्यात ब्रोमाइड वाढलं. क्लोरीन ब्रोमाइडचं हायपोब्रोमस आम्ल करतो आणि ते सेंद्रिय पदार्थांना क्लोरीनपेक्षा चटकन चिकटतं. आलेखात मधली दोन पीक्स एकदम ताडासारखी उभी राहिली, क्लोरोफॉर्म त्यांच्या पायाशी. मी धावत सरांकडे गेले. पण या डिटेक्टरला ब्रोमीन असलेले रेणू जास्त प्रिय, तो त्यांना वाढवून दाखवतो. उंची म्हणजे प्रमाण नव्हे. स्टँडर्डशी ताडून काढल्यावर चित्र बरंच निवळलं. तरीही बेरीज वाढलीच होती, आणि त्यात वजनाचा भाग होता : क्लोरोफॉर्मचा रेणुभार ११९, ब्रोमोफॉर्मचा २५३. रेणू तितकेच तयार झाले तरी मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये असल्यामुळे ब्रोमीनवाले तिला लवकर गाठतात.

आकडे मर्यादेजवळ गेल्यावर बैठका झाल्या. क्लोरीनच कमी करा, हा पहिला सल्ला तिथे हमखास येतो. सरांनी तो तिथल्या तिथे मोडीत काढला. जंतूंचा धोका आजचा आणि खात्रीचा, या पदार्थांचा वर्षानुवर्षांचा आणि संभाव्य. जागतिक आरोग्य संघटनाही हेच बजावते की या उपउत्पादनांपायी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. मग कमी करायचं काय, तर क्लोरीनला भेटणारं खाद्य. आमच्याकडे कच्च्या पाण्यातच पहिला क्लोरीन दिला जायचा, म्हणजे ह्यूमिक, फुल्विक आम्लं भरपूर असतानाच. तो गाळ बसल्यानंतरच्या टप्प्यावर नेला आणि तुरटीची मात्रा व पीएच फक्त गढूळपणा बघून न ठरवता २५४ नॅनोमीटरला पाणी किती अतिनील प्रकाश शोषतं तेही बघून ठरवायला लागलो. ही आम्लं तिथे प्रकाश शोषतात, त्यामुळे दोन मिनिटांत अंदाज येतो. आकडे उतरले, आणि टोकाला क्लोरीनही पूर्वीपेक्षा जास्त टिकू लागला, कारण वाटेत तो खर्च होईना. जीसीच्या खोलीत वर्षभर केलेल्या कामाचा परिणाम तुरटीच्या टाकीपाशी दिसावा याची मला गंमत वाटते.

आता सध्याचं. हॅलोॲसेटिक आम्लांसाठी आम्ही कुपीत अमोनियम क्लोराइड वापरतो. दोन प्रकारच्या पुड्या बांधायचा मामांना कंटाळा, म्हणून मी ट्रायहॅलोमिथेनच्या कुप्यांमध्येही सल्फाइटच्या जागी तेच घालून पाहिलं. तेही चालतं. ते क्लोरीनला क्लोरामाइनमध्ये बदलतं आणि ट्रायहॅलोमिथेन तयार होणं थांबतं. चारही आकडे तेच आले. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या पीकच्या मधे, जिथे वर्षभर सपाट रेघ होती, तिथे एक लहान पीक उगवलं.

ब्लँकमध्ये ते नाही. अमोनियम क्लोराइड घातलेल्या ब्लँकमध्येही नाही. कच्च्या पाण्यात नाही. क्लोरीन दिलेल्या पाण्यात आहे, पण त्याच नळाच्या पाण्यात सल्फाइट घातलं की गायब. म्हणजे ते नवीन नव्हतं, वर्षभर होतंच. नमुना जपायला म्हणून मी जी चिमूट टाकत होते तीच ते पुसून टाकत होती. हॅलोॲसेटोनायट्राइल आणि क्लोरोपिक्रिन ही क्लोरीनचीच आणखी उपउत्पादनं सल्फाइटपुढे टिकत नाहीत हे पद्धतीत लिहिलेलं आहे. तेही मी वाचलं होतं.

माझा संशय क्लोरोपिक्रिनवर आहे, पण पहिल्या नळीवर वेळ जुळली म्हणजे ओळख पटली असं होत नाही. वेगळ्या जातीच्या दुसऱ्या नळीवरही जुळली पाहिजे. क्लोरीन आणि इतर जंतुनाशकांमुळे तयार होणारे सातशेहून जास्त पदार्थ आजवर नोंदले गेले आहेत, दोघे एकाच वेळी नळीबाहेर पडले तर नवल नाही. स्टँडर्ड मागवला आहे. तोवर वहीत त्या जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे, आणि खाली त्या दिवशी शेजारच्या खोलीत काय काय चालू होतं त्याची नोंद.